नवी नोकरी, पहिला पगार आणि मधले दिवस

ऑफर लेटर आलं की सगळ्यांचं लक्ष पगाराच्या आकड्यावर जातं. पण पहिले दोन महिने घर चालतं ते दोन तारखांवर: पगार खात्यात जमा होण्याची तारीख आणि पेरोल, म्हणजे त्या महिन्याच्या पगाराची यादी, बंद होण्याची तारीख. पहिली बहुतेक जण विचारून घेतात. दुसरी फारसं कोणी विचारत नाही, आणि बिलांचा घोळ होतो तो तिथेच.

पेरोल बंद होण्याच्या या तारखेला कट-ऑफ म्हणतात. पगार महिनाअखेरीला होत असला तरी हजेरी, नवे रुजू झालेले, सोडून गेलेले, रजा, कपात हे सगळं आधीच गोठवावं लागतं, कारण हिशेब, तपासणी आणि बँकेकडे फाइल पाठवणं यात काही दिवस जातात. कट-ऑफ २० तारखेचा असेल आणि तुम्ही २२ जूनला रुजू झालात, तर ३० जूनच्या पगारात तुमचं नाव नसतं. पहिला पगार येतो ३१ जुलैला, म्हणजे ३९ दिवसांनी. जूनमधल्या ९ दिवसांचे पैसे त्यात एरियर्स, म्हणजे मागची बाकी, म्हणून येतात. पैसे बुडत नाहीत, पण मधल्या काळातली बिलं तर थांबत नाहीत.

हा खड्डा किती खोल असतो, ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, महिन्याच्या खर्चाचे १०० भाग केले: १ तारखेला भाडं ३५, ५ तारखेला कर्जाचा हप्ता २५, १८ तारखेला कार्डाचं बिल १५, आणि रोजचा खर्च २५. जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी हातात येणारा पगार १२०. जुनी नोकरी २० जूनला सुटली आणि त्यांनी जूनचा पगार अखेरच्या हिशेबासाठी ४५ दिवस अडकवून ठेवला. आता मे महिन्याच्या शेवटी आलेल्या १२० भागांवर ३१ जुलैपर्यंत चालवायचं आहे. जून संपताना २० उरतात. १ जुलैला भाडं गेलं की शून्याच्या खाली १५, हप्ता गेला की ४०, आणि जुलै संपेपर्यंत ८०. मग ३१ जुलैला १२० अधिक ९ दिवसांचे ३६ येतात, आणि ४ ऑगस्टच्या सुमारास जुन्या नोकरीचे ८० येतात. २१ जूनच्या एका रिकाम्या दिवसाचे ४ सोडले तर वर्षाच्या ताळेबंदात काहीच कमी पडलेलं नाही, तरी जुलैत ८० भागांचं भगदाड आहे. अडचण फक्त वेळेची आहे, म्हणून उपायही तारखा सरकवण्याचा हवा. पाच वर्षांचं कर्ज काढून पाच आठवड्यांचं भगदाड बुजवू नका.

असा तक्ता प्रत्येकाने करावाच. चार रकाने पुरतात: तारीख, आलेले, गेलेले, शिल्लक. महिन्याची बेरीज बघू नका, शिल्लक सर्वांत खाली कुठल्या दिवशी जाते ते बघा. तेवढीच रक्कम उभी करायची असते.

रुजू होण्याची तारीख ठरवणं थोडंफार तरी तुमच्या हातात असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय तोच. वरच्याच उदाहरणात १८ जूनला सुटून १९ला रुजू झालात आणि नाव कट-ऑफच्या आत गेलं, तर ३० जूनला १२ दिवसांचे ४८ भाग मिळतात. भगदाड ८० वरून ३२ वर येतं. नुसत्या तीन दिवसांचा हा फरक आहे. अट एकच, कागदपत्रंही त्याच मुदतीत पोचायला हवीत. बँक खात्याचा पुरावा, ओळखपत्र, कराचे तपशील हे रुजू व्हायच्या आधीच पाठवून द्या आणि मिळाल्याची पोच घ्या. खात्यावरचं नाव आणि ऑफिसात दिलेलं नाव वेगळं असेल किंवा खाते क्रमांकात एक आकडा चुकला, तर पैसे परत जातात आणि पुढच्या फेरीपर्यंत लटकतात. कराचे तपशील दिले नाहीत तर अनेक ठिकाणी जास्त दराने कर कापतात. तो नंतर जुळवला जातो, पण आता हातात कमी येतात.

अर्ध्या महिन्याचा पगार कसा मोजतात हेही विचारा. कुणी महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतं, कुणी सरसकट ३० ने, कुणी फक्त कामाच्या दिवसांनी. १ तारीख शनिवारी आली आणि तुम्ही सोमवारी ३ला रुजू झालात, तर पहिल्या दोन पद्धतींत दोन दिवसांचा पगार कमी होतो. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर तिसऱ्या पद्धतीत काहीच कमी होत नाही. शिवाय विम्यासारख्या काही कपाती पगार अर्धा असला तरी पूर्ण महिन्याच्या होऊ शकतात. म्हणून पहिल्या पगाराचा अंदाज नेहमी थोडा खालचाच धरावा.

दर दोन आठवड्यांनी पगार देणाऱ्या जागी गणित वेगळं असतं. तिथे बहुधा एक आठवडा मागे ठेवून पगार देतात, त्यामुळे पहिला चेक तिसऱ्या आठवड्यात पडू शकतो. वर्षाला २६ पगार होतात आणि मासिक बिलं १२, म्हणून प्रत्येक बिलाला १२ ने गुणून २६ ने भागा. तेवढी रक्कम दर पगारातून बाजूला काढायची. भाडं २६ भाग असेल तर दर पगारातून १२.

आता बिलांकडे. सगळी बिलं सारखी नसतात. भाडं, कर्जाचा हप्ता, वीज आणि विम्याचा हप्ता आधी, बाकीचं नंतर. विमा पॉलिसीला बहुतेकदा सवलतीचे, म्हणजे हप्ता उशिरा भरला तरी चालतो असे, दिवस असतात, ते पॉलिसीच्या कागदात लिहिलेले असतात. त्या दिवसांवर विसंबायला हरकत नाही, पण पॉलिसी बंद पडू देऊ नका, पुन्हा सुरू करणं महागात पडतं. जुन्या नोकरीतलं आरोग्य विम्याचं संरक्षण कधी संपतं आणि नव्याचं कधी सुरू होतं, हेही तपासा. मध्ये रिकामे दिवस राहत असतील तर तक्त्यात त्यासाठीही रक्कम धरा.

क्रेडिट कार्ड इथे खरोखर उपयोगी पडतं, पण एका अटीवर. वरच्या उदाहरणात स्टेटमेंट २८ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १८. मग २९ जूनपासूनचा रोजचा खर्च २८ जुलैच्या स्टेटमेंटमध्ये येतो आणि १८ ऑगस्टला भरायचा असतो. २९ जूनच्या खरेदीला तब्बल ५० दिवस मिळतात. जुलैचे २५ भाग असे पुढे गेले की ८० चं भगदाड ५५ वर येतं. अट ही की १८ जुलैचं बिल पूर्ण भरलेलं असावं. फक्त किमान रक्कम भरली, तर सहसा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावरून रोख काढू नका, तिथे शुल्क लागतं आणि व्याज साधारणपणे पहिल्या दिवसापासून चालू होतं.

ऑटो-डेबिट हा सगळ्यात मोठा सापळा. खात्यात पैसे नसताना हप्त्याची रक्कम खेचली गेली, तर बँक आणि कर्ज देणारा दोघेही दंड लावू शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा प्रयत्न झाला तर दंडही पुन्हा. घाबरून ऑटो-डेबिट रद्द केल्याने देणं थांबत नाही, ते फक्त खात्यातून आपोआप जात नाही. तारीख बदलून घ्या. असा बदल लागू व्हायला एक-दोन फेऱ्या लागू शकतात, म्हणून राजीनामा दिल्या दिवशीच अर्ज करावा. नवी तारीख पगाराच्या दिवसाला चिकटून नको. मध्ये सुट्टी आली तर पगार एक-दोन दिवस पुढे जातो. तीन ते पाच दिवसांचं अंतर ठेवा.

तारीख हलत नसेल तर देय तारखेच्या आधी कळवा, आणि मोघम नको: ‘माझा पहिला पगार ३१ जुलैला होणार आहे. ५ जुलैचा हप्ता मला १ ऑगस्टला भरायचा आहे. त्यावर व्याज किंवा दंड किती लागेल आणि ही थकबाकी म्हणून नोंदली जाईल का, हे लेखी कळवावे.’ शेवटचा प्रश्न गाळू नका. मुदत मिळाली तरी क्रेडिट इतिहासात उशिराची नोंद होऊ शकते. घरमालकालाही असंच तारीख आणि रक्कम सांगून विचारा. अर्धं आता, अर्धं पगारानंतर, हे बऱ्याचदा मान्य होतं.

एवढं करूनही कमी पडत असेल तर नव्या ठिकाणी उचल मागायला संकोच करू नये. कट-ऑफ चुकलेल्यांना काही कंपन्या मधल्या फेरीत पगार देतात, पण विचारल्याशिवाय सहसा नाही. उचल घेतलीच तर कपात दोन-तीन पगारांत विभागून मागा, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच खड्डा पुन्हा पडतो. पगारावर झटपट मिळणारी अल्पमुदतीची कर्जं टाळा. त्यांची फेड पुढच्या पगारातून एकरकमी होते, म्हणून लगेच दुसरं घ्यावं लागतं.

पहिली पगार स्लिप आली की हजेरीचे दिवस, एरियर्सची ओळ, कराची कपात आणि खाते क्रमांक एवढं तरी त्याच दिवशी तपासा. प्रवासाची किंवा सामानाची बिलं ऑफिसला द्यायची असतील तर तीही लगेच द्या. चूक सापडली तर पुढच्या कट-ऑफच्या आत ईमेलने कळवा, कारण तो चुकला की दुरुस्ती आणखी एक महिना पुढे जाते.