पुन्हा कशाला?

घरी आलेला माणूस ओटीवर टेकतो, गूळपाणी घेतो, आणि आमची कुत्री मिरी त्याच्या चपला हुंगायला लागली की हमखास विचारतो, "हा तो नव्हे ना? तो तांबूस होता." मी सांगते, तो गेला, गेल्या कार्तिकात. जरा वेळ कोणी बोलत नाही. मग पुढचा प्रश्न येतोच, "एवढा जीव लावलात, एवढं रडलात, आणि पुन्हा कशाला लावून घेतलंत?" मे महिन्यात चाकरमानी आले तेव्हा दिवसाला दोनदा ऐकला. गणपतीत तर आरतीला जाईन त्या घरी. आमच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, तिथे उतरणारे पुण्या-मुंबईचे लोकही हेच विचारतात. त्यांचा सूर हळवा असतो, वाडीतल्यांचा हिशेबी, एवढाच फरक. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. उत्तर सरळ नाही, तेव्हा चहा टाकलाय, बसा.

त्याचं नाव डांब्या. आमच्या वळणावर विजेचा डांब आहे. मृगाच्या पहिल्या पावसात त्याच्या बुडाशी एक तांबडं पिल्लू अंग चोरून बसलं होतं. बारा वर्षांमागची गोष्ट. हे म्हणाले, दोन दिवस राहू दे, पाऊस उघडला की बघू. कोकणातला पाऊस उघडायची वाट बघणाऱ्या माणसाचं जे होतं तेच यांचं झालं.

त्याचे गुण सांगत बसत नाही, ज्याचा त्याला आपला कुत्रा शहाणाच वाटतो. दोनच गोष्टी सांगते, कारण पुढे त्यांचा संबंध येतो. एक, त्यानं अकरा वर्षांत एका मांजराला गडग्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. दुसरी, वानरं. आमची कलमं घराला लागूनच आहेत. वानरांचा कळप वरच्या जंगलातून उतरला की डांब्या भुंकायचा नाही, नुसता झाडाखाली जाऊन बसायचा आणि वर बघायचा. अर्ध्या तासात कळप दुसऱ्याच्या बागेत. शेजाऱ्यांना हे फारसं आवडत नसे.

तो गेला कशानं, ते मात्र नीट सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

नवरात्रात त्यानं भाकरी हुंगून सोडली. अश्विनातला उकाडा, मी म्हटलं तोंडाला चव नसेल. दसऱ्याला पायरी चढताना मागचे पाय थरथरले. मी म्हटलं सांधे धरले, म्हातारा झाला, आणि रोज रात्री उंडेल चोळायला लागले. दिवाळीच्या दोन दिवस आधी पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर थेंब दिसले. मला वाटलं कोणीतरी रातांब्याचं आगळ सांडलं. ते त्याच्या नाकातून पडत होते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ उचलला आणि मला जवळ बोलावलं. निरोगी कुत्र्याची हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. डांब्याची आधीच भिंतीसारखी पांढरी होती, दाबून बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. रक्त तपासायला चिपळूणला जायला हवं होतं. रिक्षा केली. वाटेत शृंगारतळी गेली, मार्गताम्हाण्याला थांबून त्याला पाणी दाखवलं तर त्यानं माझ्याकडे बघून दोन घोट घेतले, तहान म्हणून नव्हे, मी पुढे धरलं म्हणून. चिपळूणला कळलं की रक्त गोठवणाऱ्या ज्या पेशी दोन ते पाच लाख असायला हव्यात, त्या नऊ हजारांवर आल्या होत्या. गोचीडताप. एर्लिकिया नावाचा जंतू, गोचीड चावताना तो कुत्र्याच्या रक्तात सोडते. आत शिरल्यावर कित्येक महिने, कधी कधी वर्षंही, गप्प बसून राहतो. म्हणजे मी ज्याला म्हातारपण म्हणत होते ते म्हातारपण नव्हतं.

आता माझी चूक. मी गोचिडी काढण्यात पटाईत होते. वाटीत रॉकेल घेऊन बसायचे, एकेक चिमटीत धरून उपटायचे, आणि दहा-पंधरा निघाल्या की कुत्रा स्वच्छ झाला म्हणून उठायचे. करंजेल लावायचे. वाडीतल्या बायकांना शिकवायचेसुद्धा. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं, की कुत्र्यावरची ही गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्यावर नसतेच. अंड्यातून बाहेर आली की तिला सहा पाय असतात. एकदा रक्त पिते, खाली पडते, कात टाकते, मग आठ पायांची होऊन पुन्हा चढते, पुन्हा पडते. पोट फुगलेली मादी शेवटची उतरते ती भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. ही जात वर चढणारी. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचं, पडवीच्या भिंतीला गिलावा नाही. चिऱ्याला नैसर्गिक भोकं, दोन चिऱ्यांमध्ये मातीची दर्ज, तीही जागोजाग गळलेली. मी कुत्र्यावरच्या वेचत होते आणि त्याची झोपायची जागा त्याच भिंतीला लागून होती. पाहुणे भिंतीचे फोटो काढायचे, काय सुंदर जुनं बांधकाम म्हणायचे.

औषध २८ दिवसांचं होतं, डॉक्सीसायक्लिन. लक्ष्मीपूजनाला सुरू केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळ-संध्याकाळ रेघा मारत होते. पोटात अन्न नसताना गोळी दिली की उलटी व्हायची, म्हणून पेजेत बुडवून, हातानं भरवून. बारा दिवसांच्या रेघा आहेत. तुळशीच्या लग्नाला समोरच्या घरी फटाके वाजले. अकरा वर्षं पहिल्या फटाक्याला पाणचुलीमागे घुसणाऱ्या डांब्याचा कानही हलला नाही. तेव्हाच समजले मी. पहाटे गेला.

आगरात रातांब्याच्या मुळाशी पुरायचं ठरलं. वरची वीतभर माती ओली होती, खाली कातळ लागला. यांनी आणि शेजारच्या दादांनी पहारीनं तीन हात खड्डा करायला दोन तास घेतले. उथळ ठेवला तर कोल्हे उकरतात. माझं जुनं नऊवारी अंथरलं, खडेमीठ घातलं, माती लोटली, वर चिऱ्याचे तुकडे रचले. दादा हात धुताना म्हणाले, "वैनी, कुत्र्याला कसलं सुतक? जेवून घ्या." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनीच तर घाम गाळला होता. त्यांची आई काठी टेकत आली आणि म्हणाली, "दत्ताच्या पायाशी गेला गो." पुढच्याच महिन्यात दत्तजयंती आली. देवळातल्या तसबिरीतली चारही कुत्री मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. तांबडं एकही नाही.

त्या रात्रीच ठरवलं, आता नाही. दोघांचं एकमत, आणि आमचं एकमत तसं क्वचित होतं. पुन्हा लावून घ्यायचं नाही, हे तुमच्या आधी आम्हीच म्हटलं होतं.

भात मात्र रोज मूठभर जास्त होत राहिला. माप हाताला बसलेलं. यांना ते दिसायचं, काही बोलायचे नाहीत. मी तो कावळ्यांना टाकायचे, आणि पंधरा दिवसांत कावळे इतके माजले की पाहुण्यांच्या ताटाकडे झेपावायला लागले.

आणि मग भाटी, म्हणजे मांजरी, आली. कुठली कोण जाणे, करडी, पोट जमिनीला टेकलेलं. गडगा ओलांडून खळ्यात येऊन उभी राहिली आणि मला वाटलं, आता कोणीतरी ओरडायला हवं होतं. कोणीही ओरडलं नाही. ती सरळ पडवीतून माजघरात, माजघरातून माळ्यावर. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमचं तिचं कितवं होतं माहीत नाही. आठवड्याभरानं तिथून बारीक आवाज यायला लागले. तीन पिल्लं. मी दूध नेऊन ठेवलं नाही, आईला मासळीचं डोकं ठेवत गेले. गाईचं दूध पिल्लांना बाधतं, एवढं तोपर्यंत वाचलं होतं. डांब्यानंतर मी फार वाचायला लागले.

महिन्या-दीड महिन्यानं भाटी आठव्या घरी निघून गेली. दोन पिल्लं तोंडात धरून नेली, तिसरं राहिलं. विसरली की ठेवून गेली, हा आमच्या दोघांच्या वादाचा विषय आहे. काळं, पिवळं, पांढरं असं तिरंगी. पुतण्या म्हणाला, "काकू, ही मादीच असणार." काळा आणि पिवळा हे दोन रंग एका अंगावर उमटायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, त्यामुळे तिरंगी बोका क्वचितच जन्मतो. मी म्हटलं, शहाणा आहेस, आता तिला खाली उतरव. उतरल्यावर तिनं पहिलं काम केलं ते फळीवरची सुकट उलथण्याचं. नाव तेच पडलं.

पहिल्या रात्री सुकट माझ्या पायाशी झोपली आणि मला झोप लागली नाही. तो असता तर ही आत आलीच नसती. त्यानं सोडलेल्या वाटेनंच ती आली होती, आणि मला तिचा ऊबदार गोळा पायाला बरा वाटत होता. दोन्ही खरं होतं आणि कोणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं.

वानरांना डांब्या गेल्याचं आमच्या मुंबईच्या नातेवाइकांच्या आधी कळलं. पौषात मोहोर फुटला तेव्हा पहिला कळप आला. झाडावर नाही, आधी घरावर. कौलांवर. एका दुपारी एकोणीस कौलं फुटली. आमची जुनी मंगलोरी, त्या मापाची आता सहज मिळत नाहीत. हे शिडी लावून चढले, उतरले, आणि पाय धुताना म्हणाले, "दुकानाच्या फळीखाली कुत्री व्यायली आहे म्हणे." एवढंच. मी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्या आठवड्यात मी दुकानात तीनदा मीठ आणायला गेले.

पाच पिल्लांतले चार नर दोन दिवसांत गेले. पाचवी मादी, काळी, मिऱ्याच्या दाण्यासारखी. दुकानदार म्हणाला, "मादी कोण नेतो? वर्षातून दोनदा दारात गर्दी." त्याचा हिशेब बरोबर होता, दोन महिन्यांत कुत्री विते आणि पिल्लं वाटताना नाकी नऊ येतात. म्हणून आमच्या बाजूच्या बहुतेक माद्या रस्त्यावरच वाढतात. मी तिला पदरात घेतली ती रागानं घेतली, मायेनं नव्हे, हे लिहून ठेवा. वाटेत तिनं पदर ओला केला. नसबंदी नंतर चिपळूणला करून आणली.

लस आणायलाही तिथेच. पार्व्होनं आमच्या वाडीत दर वर्षी पिल्लं मरतात, रक्ताची हगवण लागते आणि तीन दिवसांत खेळ संपतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली टोचणी, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांवर पिसाळण्याची. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. चहाचा थर्मास, त्यात मासळीवाल्याकडचा बर्फ, आणि बाटली बर्फाला चिकटून गोठू नये म्हणून फडक्यात गुंडाळलेली. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "पन्ह आहे का हो?"

पडवीच्या भिंतीच्या दर्जा आम्ही चैत्रात बुजवल्या. आधी फटी फवारल्या, मग चुना-सिमेंट. यांनी दोन दिवस थापीनं एकेक फट भरली. पाहुणे आता भिंतीचे फोटो काढत नाहीत. मिरीला महिन्याला गोचिडीची गोळी असते. मानेवर लावायचं औषध मी आणलं होतं, पुडीही फाडली होती. मग मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. कुत्र्याच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे. सुकट त्या वेळी मिरीच्या मानेवरच हनुवटी टेकून झोपली होती. ती पुडी मी जाळली नाही, पुरली नाही, डॉक्टरांच्या हातात नेऊन दिली.

वानरांचं विचाराल तर मिरीला अजून जमत नाही. ती भुंकते, आणि वानरं भुंकण्याला घाबरत नाहीत. हे रोज तिला झाडाखाली नेऊन बसवतात आणि स्वतःही बाजूला बसून वर बघतात. लांबून मला दोघांपैकी कोण शिकतंय ते कळत नाही.

दिवेलागणीला मी बॅटरी घेऊन बसते. कानाच्या आत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. मिरी कंटाळून उताणी पडते, सुकट मध्येच बॅटरीच्या उजेडावर झडप घालते. निघालेल्या गोचिडींचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. श्रावणात एकदा सात होता, भाद्रपदात तीन, दोन. काल सगळं पाहून शून्य लिहिलं, पेन ठेवलं, आणि पुन्हा बॅटरी लावली. उजव्या कानाच्या घडीत एक होती, सहा पायांची, तिळाहून बारीक.