तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं एकदम का टाकत नाही?

"एकाच पातेल्यात तर करायचंय, मग टाक की सगळं एकदम! घड्याळ कसलं लावून बसतोस?" घरी सीफूड बॉइल, म्हणजे कोळंबी, बटाटे, कणसं सगळं मसाल्याच्या पाण्यात उकडायचं, करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. आजवर हसण्यावारी नेला. आता एकदाच सांगतो.

पातेलं एक असलं तरी शिजायचा वेळ एक नसतो. उकळत्या पाण्यात छोट्या बटाट्यांना 15 मिनिटं लागतात, कणसाच्या तुकड्यांना 5 ते 7, कोळंबीला जेमतेम 2 ते 3. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या फ्रॉगमोर स्ट्यूचाही (बेडूक नसतो हो त्यात, फ्रॉगमोर हे गावाचं नाव) क्रम हाच: बटाटे, सॉसेज, कणसं आणि सगळ्यात शेवटी कोळंबी. तेव्हा हा माझा चक्रमपणा नाही.

बरं, थोडा आहे. त्याला कारण एक संध्याकाळ.

आठ जण जेवायला होते. सगळं क्रमाने चाललेलं. कोळंबी टाकली, दोन मिनिटांत गुलाबी होऊन छान वळली आणि नेमका फोन आला. दोघं वाटेत होते, "पाचच मिनिटं!" मी गॅस बंद केला आणि वर झाकण ठेवलं. गरम राहावं म्हणून, झाकण! पाचाची पंचवीस मिनिटं झाली. टेबलावर कागद पसरून पातेलं ओतलं तेव्हा वाफ काय, लाल रंग काय, सगळ्यांनी फोटो काढले. मग जी शांतता पसरली, ती निव्वळ चावण्याची होती. कोणीतरी म्हणालं, "मसाला मस्त जमलाय." कोळंबीचं नाव कोणी काढेना. सात वर्षांच्या भाचीने तोंडातली कोळंबी काढून बशीच्या कडेला ठेवली आणि विचारलं, "मामा, हे गिळायचं असतं का?" सगळे हसले. मीही हसलो. रात्री ओट्याशी उभं राहून उरलेल्या कोळंब्या सोलल्या. एकूण एक आक्रसून कडीसारखी गोल झालेली.

"पण मी गॅस बंद केला होता!" हा माझा तेव्हाचा बचाव. अरे बाबा, दहा लिटर उकळतं पाणी बटण फिरवलं म्हणून निवतं का? त्यात झाकण. कोळंबी आतून 63 अंशांना पोचली की झाली, त्यापुढे नुसती वातड होत जाते. पण तेव्हाचा मी काही कमी नाही. तो विचारतो, "मग तिकडे अमेरिकेतच, लुइझियानात, आच बंद करून क्रॉफिश (गोड्या पाण्यातले, छोट्या लॉबस्टरसारखे) त्याच पाण्यात मुरवतात, ते कसं चालतं?" मुद्दा बिनतोड आहे. मसाला कवचाच्या आत शिरतो तो मुरतानाच. फक्त तिथे बरेच जण आच बंद केली की बर्फ किंवा गोठवलेली कणसं टाकतात. पाणी निवतं, शिजणं थांबतं, मुरणं चालू राहतं.

हल्ली मीही बर्फ टाकतो. पण किती टाकायचा? कमी पडला तर कोळंबी शिजतच राहते, जास्त झाला तर बटाटे गारढोण आणि पाणी पांचट. मागच्या खेपेला चार मिनिटं मुरवली. मऊ राहिली, पण मसाला सगळा सालीवर आणि आत अळणी. बायको म्हणाली, छान झालंय.

भाची आता कॉलेजात आहे. ती अजून बटाटेच घेते.