पारा थांबतो तेव्हा उष्णता जाते कुठे?

बर्फाचे तुकडे भरलेले भांडे मंद आचेवर ठेवून त्यात तापमापी धरली आणि मिश्रण सतत ढवळत राहिले, तर पारा शून्य अंश सेल्सिअसवर येऊन थांबतो आणि बर्फाचा शेवटचा तुकडा वितळेपर्यंत तिथून हलत नाही. शाळेत हा प्रयोग बहुतेकांनी केलेला किंवा निदान वाचलेला असतो. त्याचा आलेख काढलेला असतो, ‘अप्रकट उष्मा’ ही संज्ञा पाठ असते आणि ग्रॅमला 80 कॅलरी हा आकडाही पाठ असतो. मला मात्र नेहमी वाटते की उत्तर आधीच हाती पडल्यामुळे मूळ प्रश्न विद्यार्थ्याला पडायचाच राहून जातो. खाली आच चालू आहे, उष्णता भांड्यात शिरते आहे आणि तरीही पारा चढत नाही. मग ती उष्णता जाते कुठे?

हा प्रश्न नेटाने लावून धरला तो ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी. त्या काळी, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, सर्वसाधारण समजूत अशी होती की पदार्थ वितळण्याच्या तापमानापर्यंत तापला की पुढे अगदी थोडी उष्णता मिळताच तो द्रव होतो. ब्लॅक यांनी या समजुतीला साध्या निरीक्षणाने हरकत घेतली. समजूत खरी असती, तर हिवाळा सरून हवा किंचित उबदार होताच डोंगरांवरचे सगळे बर्फ काही मिनिटांत पाणी झाले असते आणि दरवर्षी भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात थंडी ओसरल्यावरही बर्फाचे थर कितीतरी दिवस टिकतात आणि हळूहळू वितळतात. अर्थात, वितळण्यासाठी बर्फाला पुष्कळ उष्णता घ्यावी लागत असली पाहिजे.

ही पुष्कळ उष्णता नेमकी किती, हे मोजण्यासाठी त्यांनी 1761च्या हिवाळ्यात केलेला प्रयोग मला फार सुंदर वाटतो, कारण त्यात घड्याळ आणि तापमापी यांखेरीज कोणतेही खास उपकरण नाही. त्यांनी पातळ काचेचे दोन सारखे गोल घेतले आणि दोन्हींत सारख्याच वजनाचे पाणी भरले. एका गोलातील पाणी गोठवून त्याचा बर्फ केला, दुसऱ्यातील पाणी जवळपास तितकेच थंड, 33 अंश फॅरनहाइटवर आणले आणि 47 अंश तापमानाच्या एका मोठ्या दालनात दोन्ही गोल टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात 7 अंशांनी चढून 40 अंशांवर पोहोचले. बर्फाला मात्र पूर्ण वितळून त्याच 40 अंशांपर्यंत यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीसपट वेळ. दोन्ही गोलांना दालनातील हवेकडून सारख्याच वेगाने उष्णता मिळत होती असे धरले, तर बर्फाने 21 गुणिले 7, म्हणजे 147 अंश चढवण्याइतकी उष्णता घेतली होती. त्यांपैकी 32 वरून 40 वर यायला 8 अंश खर्च झाले. उरलेले सुमारे 140 अंश तापमापीवर कुठेच दिसले नाहीत. आजच्या अचूक मापनानुसार हा आकडा 144 आहे. दोन गोल टांगून केलेल्या प्रयोगाचे उत्तर खऱ्या किमतीच्या इतके जवळ जावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पुढच्या वर्षी त्यांनी उकळण्याकडे मोर्चा वळवला. लालभडक तापलेल्या शेगडीच्या पत्र्यावर पाण्याचे भांडे ठेवले; 50 अंश फॅरनहाइटचे पाणी सुमारे 4 मिनिटांत उकळू लागले आणि पुढे सुमारे 20 मिनिटांत पूर्ण आटले. चार मिनिटांत 162 अंश, तर वीस मिनिटांत 810 अंश, असा त्यांचा हिशेब होता. खरा आकडा सुमारे 970 आहे, म्हणजे हे उत्तर बरेच कमी पडले. पण पाण्याची वाफ होण्यासाठी बर्फ वितळण्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते, हे त्यातून निर्विवाद दिसले.

ही उष्णता लपते कुठे, याचे आजचे उत्तर रेणूंच्या भाषेत देता येते. तापमान हे रेणूंच्या हालचालीच्या सरासरी ऊर्जेचे माप आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. वितळताना आत येणारी उष्णता ही बांधणी मोडण्यात खर्ची पडते, रेणूंचा वेग वाढवण्यात नव्हे, आणि म्हणून पारा थांबतो. द्रव झाल्यावरही रेणू एकमेकांना धरूनच असतात. वाफ होताना मात्र ही पकड जवळजवळ पूर्णपणे सोडवावी लागते, शिवाय सभोवतालची हवा मागे रेटावी लागते, कारण एक ग्रॅम पाणी 100 अंश सेल्सिअसवर वाफ झाले की एका घनसेंटिमीटरवरून सुमारे 1,670 घनसेंटिमीटरपर्यंत फुगते. त्यामुळे वितळायला ग्रॅमला 80 कॅलरी पुरतात, तर वाफेला 540 लागतात. त्या 540 पैकी सुमारे 40 केवळ हवा रेटण्यात जातात.

उलट दिशेने हीच उष्णता पूर्णपणे परत मिळते. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांना थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीपर्यंत तापवते असे आढळले, तेव्हा त्याचे कारण ब्लॅक यांनीच त्यांना समजावून दिले.

उकडीचे मोदक वाफवताना हेच घडते. मोदकपात्रातील वाफ मोदकांच्या थंड पृष्ठभागाला लागून तिचे पाणी होते आणि त्या क्षणी ग्रॅममागे 540 कॅलरी मोदकाला मिळतात. तेच पाणी पुढे 100 अंशांवरून 30 अंशांपर्यंत निवले असते, तरी त्यातून आणखी 70च मिळाल्या असत्या. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून अधिक खोल भाजतो, त्याचेही कारण हेच. आणि पाणी एकदा खळखळू लागल्यावर खालची आच मोठी ठेवण्यात काहीच लाभ नाही, कारण जादा उष्णता पाणी आटवण्यात जाते आणि त्याचे तापमान होते तिथेच राहते. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला लागणारा वेळ त्यामुळे कमी होत नाही. तो कमी करायचा तर उत्कलनांकच वाढवावा लागतो, आणि कुकर दाब वाढवून पाण्याला सुमारे 120 अंशांपर्यंत नेतो तो त्यासाठीच.