बारवांच्या नोंदी आवरताना ‘पायऱ्या’पाशी अडलो, त्याचा अनुभव

नोंदी आवरून देणाऱ्या प्लगइनांचं, म्हणजे अ‍ॅपला जोडायच्या छोट्या जादा प्रोग्रामांचं, कौतुक सगळीकडं वाचायला मिळतं. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या माणसाला ती कुठं अडवतात, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते शोधून काढताना जो वैताग आला तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहितो.

मी मराठवाड्यातल्या बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या, नोंदी ऑब्सिडियन नावाच्या अ‍ॅपमध्ये ठेवतो. वालूर, चारठाणा, पिंगळी, अंबड, जिथं जाईन तिथले फोटो, मोजमापं, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी. हे अ‍ॅप धरलं कारण सगळं आपल्याच संगणकावर मार्कडाउन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत राहतं. नेट नसलं तरी चालतं आणि उद्या अ‍ॅपच बंद पडलं तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडते. पण वर्षं सरली तसा फोल्डरचा उकिरडा झाला. ‘पेस्टेड इमेज’ आणि पुढं लांबलचक आकडे, अशा नावाचे फोटो जिथंतिथं पडलेले.

सुरुवात सोपी गेली. सेटिंगमधला रिस्ट्रिक्टेड मोड बंद केला की बाहेरच्या लोकांनी लिहिलेली प्लगइनं घेता येतात. फोटो एकाच फोल्डरात जाऊन पडावेत ही सोय तर अ‍ॅपमध्येच आहे, त्याला प्लगइन लागत नाही. टॅगसाठी ‘टॅग रँग्लर’ घेतलं आणि ते मला फार आवडलं. माझ्याकडं जुन्या नोंदींत ‘उस्मानाबाद’ आणि २०२३ नंतरच्या नोंदींत ‘धाराशिव’ असे दोन टॅग होते. टॅगवर राइट क्लिक करून नवं नाव दिलं, सगळ्या नोंदींत एकदम बदल झाला आणि दोन्ही टॅग एक झाले. फक्त असे एकत्र केलेले टॅग पुन्हा वेगळे करता येत नाहीत, तेव्हा विचार करूनच करा.

खरं अडलं ते न वापरलेले फोटो काढताना.

त्यासाठी एक प्लगइन घेतलं होतं, नाव सांगत नाही. एक बटण दाबलं की कुठल्याच नोंदीत नसलेले फोटो ते शोधतं आणि विचारतं, काढून टाकू का? यादीत वालूरच्या बारवेचे फोटो दिसले आणि मी जागच्या जागी थांबलो. सेलू तालुक्यातली ही बारव, गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. गावकऱ्यांनी राबून तिच्यातला गाळ काढला, त्याच्या आधीचे माझे फोटो होते ते. पुन्हा कुठून आणणार? ऑब्सिडियनमध्ये फाइल रिकव्हरी आहे, पण ती नोंदींच्या जुन्या प्रती ठेवते, फोटोंच्या नाही. हे मला माहीत होतं म्हणून बटणावरचं बोट उचललं.

नोंद उघडून पाहिली. फोटोच्या जागी ‘सापडत नाही’ असा मजकूर. फोल्डरात पाहिलं तर ‘वालूर पायऱ्या’ नावाचा फोटो तिथंच. नोंदीतलं नाव तेच, फाइलचं नाव तेच, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. तरी प्लगइन म्हणतं हा फोटो कुणाचाच नाही. ‘फाइंड ऑर्फन्ड फाइल्स अँड ब्रोकन लिंक्स’ हे दुसरं प्लगइन लावून पाहिलं. ते स्वतः काही पुसायला जात नाही, यादीची एक नोंद करून देतं, म्हणून मला बरं वाटलं. त्यातही तेच. आणि एक गोष्ट लक्षात आली: तुटलेल्या लिंकांत ‘पायऱ्या’, ‘गावकऱ्यांची’, ‘दुसऱ्या’ असलेच शब्द जास्त.

जाणकारांना विचारलं तर उत्तर एकच, फाइलींची नावं इंग्रजीत ठेवा. याचा मला मनापासून राग आला. बारव आमची, तिची नोंद आमच्या भाषेत, आणि नाव तेवढं इंग्रजीत का ठेवायचं?

शेवटी परभणीला डीटीपीचं काम करणारा भाचा आला. त्यानं शोधाच्या चौकटीत लॅपटॉपवर ‘पायऱ्या’ टाइप केलं, काही नोंदी आल्या. मग फोटोच्या नावातला ‘पायऱ्या’ कॉपी करून चिकटवला, तर वेगळ्याच नोंदी आल्या. म्हणाला, “मामा, तुम्ही एकच शब्द दोन तऱ्हेनं लिहायलाव.” फोटोंना नावं मी फोनवर दिली होती, नोंदी मात्र बहुतेक लॅपटॉपवर लिहिल्या होत्या, काहीच फोनवर. एक कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत घेतो. दुसरा साधा र, हलंत आणि त्यापुढं झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द.

उपाय त्यानंच करून दिला. आधी फोटोंची नावं ऑब्सिडियनच्या आतूनच लॅपटॉपच्या कीबोर्डनं पुन्हा टाइप केली. आतून नाव बदललं की जुळत असलेल्या लिंका ऑब्सिडियन विचारून किंवा आपोआप बदलून देतं आणि न जुळणाऱ्याही आता जुळतात. उरलेल्या नोंदींसाठी व्हीएस कोड या मजकूर बदलायच्या प्रोग्राममध्ये अख्खं फोल्डर उघडलं, शोधायच्या चौकटीत फोनवरचा शब्द चिकटवला, बदलायच्या चौकटीत लॅपटॉपवरचा. ते न दिसणारं चिन्ह नुसतं पुसून टाकायच्या फंदात पडू नका, ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ होतं, र डोक्यावर रफार होऊन बसतो. पूर्ण शब्दाला पूर्ण शब्द असंच बदला.

त्यानंतर तेच प्लगइन पुन्हा चालवलं. वालूरचे फोटो यादीतून गेले होते. तो आनंद काय सांगू! उरलेली यादी एकेक फोटो बघून साफ केली, आणि त्यातही दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाच्या कोडच्या, टॅगनं घातलेला फोटो ऑब्सिडियन लिंक म्हणून धरत नाही, त्यामुळं तोही ‘न वापरलेला’ दिसू शकतो. आणि पुसलेल्या फाइली कुठं जाव्यात हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. तिथं कायमचं पुसणं निवडू नका, संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जाऊ द्या.

हो, आणि हे सगळं करण्याआधी व्हॉल्टचं, म्हणजे सगळ्या नोंदी जिथं राहतात ते, अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. साधं फोल्डरच आहे ते, कॉपी-पेस्ट केलं की झालं. त्यात ठिपक्यानं सुरू होणारं ऑब्सिडियनचं फोल्डर लपलेलं असतं, प्लगइनं आणि सेटिंग त्यातच राहतात, तेही बरोबर घ्यायला विसरू नका.