टेक्श्चर मिसिंग

मे महिन्यात दुपारी बारा ते चार कॉम्प्युटरला जड कामाला लावायचं नाही, हा आमच्या स्टुडिओचा नियम. स्टुडिओ म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याचा माळा. वर पत्रे, पत्र्याखाली कूलर, कूलरसमोर दोन मशीन आणि आम्ही दोघं. आम्ही जमीन बनवतो. सोलापुरात असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठल्या रोडला प्लॉटिंग आहे?"

तर जमीन कॉम्प्युटरमधली. डोंगर, दऱ्या, वाळवंट, जो मागेल त्याला. त्या वेळचं काम पुण्याच्या एका कंपनीचं होतं: शाळेतल्या मुलांना व्हीआर चष्म्यातून दाखवायचा भूगोलाचा धडा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीच्या दक्षिण कडेवर उभं राहायचं आणि थर बघत बघत खाली कोलोरॅडो नदीपर्यंत उतरायचं. आवाज, चित्रं, प्रश्नोत्तरं त्यांच्याकडे, दरी आमच्याकडे.

सकाळी तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमची एक्सेल शीट आली. संध्याकाळी सातला रिव्ह्यू, त्यात भूगर्भशास्त्राच्या एक प्राध्यापिका आणि पैसे देणारी मंडळी. त्याआधी एवढं दुरुस्त करा म्हणून लांबलचक यादी. बहुतेक किरकोळ. एक ओळ मात्र लाल रंगात: "रेडवॉल. ठिकठिकाणी टेक्श्चर मिसिंग. करडे पॅच दिसतात. अर्जंट." सोबत स्क्रीनशॉट, त्यावर गोल गोल खुणा. रेडवॉल म्हणजे दरीतला चुनखडीचा एक उभा थर, आणि टेक्श्चर म्हणजे जमिनीवर चढवलेलं दगडाचं चित्र.

माझा जोडीदार खुर्ची सरकवत आला. "काय म्हणायलेत बे पुण्याचे?"

"करडे डाग लाल करा म्हणायलेत."

"मग दे की करून. एक स्लायडर तर आहे."

स्लायडर एकच होता हे खरं. पण ते डाग मी मुद्दाम ठेवले होते, आणि का ठेवले हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

कॅन्यनसाठी उंचीचा डेटा यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडून फुकट मिळतो, साधारण दर १० मीटरला एक बिंदू. ऐकायला भरपूर वाटतं. पण रेडवॉलचा कडा दीडशे मीटरहून उंच आणि जवळजवळ सरळ उभा. वरून मोजणाऱ्या डेटात एवढा सगळा कडा दोन-चार बिंदूंत संपतो, आणि त्यावर चढवलेलं चित्र रबरासारखं ताणलं जातं. शिवाय ती फाइल कुणी ८ बिटमध्ये सेव्ह केली की उंचीच्या पायऱ्या उरतात २५६. सुमारे १,८०० मीटर खोल दरीत एक पायरी सात मीटरची झाली. दुसऱ्या डोंगरात अशी खोटी पायरी लगेच ओळखू येते, इथे ती खडकाचा थर म्हणून सहज खपते. म्हणून १६ बिट. त्यात ६५,५३६ पायऱ्या मिळतात, एक पायरी तीन सेंटिमीटरच्याही आत.

त्यामुळे दरीचा मोठा आकार डेटातून घ्यायचा आणि बारीक काम वर्ल्ड मशीन या जमीन घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, असं ठरवलं होतं. नवशिके तिथे पहिल्यांदा पाण्याने होणारी झीज वाढवतात. झीज वाढवून दरी खोल होते, पण कॅन्यन होत नाही. सगळीकडे सारखा मऊ डोंगर मिळतो, आपल्या घाटात पावसाळ्यानंतर दिसतो तसला. कॅन्यनच्या पायऱ्या येतात खडकाच्या कमीजास्त कठीणपणातून. कायबाब चुनखडी, कोकोनिनो वालुकाश्म, रेडवॉल हे उभे कडे धरतात. हर्मिट आणि ब्राइट एंजल हे मऊ शेल, म्हणजे चिखलापासून झालेले खडक, त्यांचे उतार होतात. खालचा मऊ थर झिजला की वरचा कडा आधार सुटून कोसळतो आणि पुन्हा उभाच राहतो. प्रत्येक थराला कठीणपणाचा वेगळा मास्क, म्हणजे कुठे किती झिजायचं याचा नकाशा, द्यायचा हे खरं काम, आणि त्यातच बहुतेक वेळ गेला होता. अगदी तळाला विष्णू शिस्ट हा रूपांतरित खडक, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला आडवे थरच नाहीत, तिथे दरी एकदम अरुंद होते. हे नाव वाचून जोडीदार म्हणाला होता, "पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, आणि विष्णू तिकडं अमेरिकेत नदीकाठी काय करायलाय बे?"

आता तो लाल रंग. रेडवॉल चुनखडी मुळात करडी आहे. तिच्या डोक्यावरचे सुपाई आणि हर्मिट हे थर लोहाने लाल आहेत. त्यांच्यावरून वाहिलेलं पाणी हजारो वर्षं तो लाल रंग खाली कड्यावर आणून सोडतं. कड्याचा तुकडा ताजा निखळला की आत करडा दगड दिसतो. बहुतेक जण उंची बघून रंग देतात, अमुक उंचीपासून तमुक उंचीपर्यंत लाल. मी तसं केलं नव्हतं. पाणी कुठून कुठे वाहतं याचा फ्लो मॅप सॉफ्टवेअर देतंच. वरच्या दोन थरांचा लाल रंग त्या वाटांनी कड्यावर उतरवला होता, आणि जिथे तुकडा निखळलाय तिथे मूळ करडा उघडा ठेवला होता.

हे मी फोनवर मॅडमना सांगितलं.

"सर, मला पटतंय हो," त्या म्हणाल्या, "पण थराचं नावच रेडवॉल आहे. समोरचे म्हणणार, लाल भिंत आणि करडे डाग? मी काय दाखवू त्यांना?"

दाखवण्यासारखं माझ्या खिडकीतच होतं. समोरच्या कारखान्याची चुना मारलेली भिंत. वरच्या गंजक्या पत्र्यावरून पावसाळ्यांचं पाणी उतरून ती विटकरी लाल झालेली, आणि जिथे पोपडा निघालाय तिथे पांढरीफेक. फोटो काढून पाठवला. खाली एवढंच लिहिलं: पत्रा म्हणजे सुपाई.

दहा मिनिटं काही नाही. मग फोन आला. "भिंत कळली. पण सर, तुमच्या या भिंतीखाली पोपडे पडलेले दिसतात. आपल्या कड्याखाली काहीच पडलेलं नाही. म्हणून तर ते मिसिंग वाटतं."

बाईंची नजर तयार होती. मी माझी फाइल उघडून पाहिली, तर प्रत्येक डागाखाली दगडांचा ढीग होता. त्यांच्याकडच्या फाइलमध्ये नव्हता. चष्म्याला जड होऊ नये म्हणून त्यांच्या टेक्निकल टीमने सुटे दगड सरसकट उडवले होते. त्यांचंही चूक नाही, स्वस्त चष्म्यावर लाखो दगड चालत नाहीत. पण पुरावा गेला आणि नुसता डाग उरला.

उपाय एकच होता. सुटे दगड न ठेवता ढीग जमिनीतच घडवायचा, कारण जमीन कुणी उडवत नाही. सुटा दगड साधारण ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. तो कोन देऊन प्रत्येक करड्या डागाखाली शंकूसारखा ढिगारा बसवायचा आणि सगळी दरी पुन्हा बिल्ड करायची, म्हणजे कॉम्प्युटरकडून नव्याने घडवून घ्यायची. घड्याळात साडेबारा वाजले होते. नियम गेला खड्ड्यात. जोडीदाराने मशीनचं झाकण काढून टेबलफॅन आत वळवला, कूलरमध्ये बर्फाची लादी टाकली आणि आम्ही बिल्ड लावलं.

यादीत अजून एक गंमत होती: नदी मधोमध घ्या, दोन्ही बाजू सारख्या दिसू देत. त्याला मी नम्रपणे नाही कळवलं. उत्तरेची कड दक्षिणेपेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि पठार दक्षिणेकडे कललंय. उत्तरेचं पाणी दरीत येतं, लांब लांब उपदऱ्या कोरत. दक्षिणेचं पाणी दरीपासून दूर जातं. म्हणून नदी दक्षिण कडेला जवळ आहे. ती मधोमध आणली तर धड्याचं नाव बदलावं लागेल.

तीनच्या सुमाराला लाइट गेली. यूपीएस कॉम्प्युटरपुरता, तोही जेमतेम. बिल्ड तुकड्यातुकड्यांनी लावलं होतं म्हणून झालेले तुकडे वाचले. बाकीच्यांसाठी खालच्या वेल्डिंगवाल्याचा जनरेटर तासाच्या बोलीवर घेतला. त्याने डिझेलचे पैसे आधी मागितले आणि मग विचारलं, "एवढं काय अडलंय?" जोडीदार म्हणाला, "डोंगर पडलाय. खाली दगड टाकायलोय." तो काही बोलला नाही, वायर जोडून गेला.

साडेसहाला फाइल चढली. सातला रिव्ह्यू सुरू झाला. मी आवाज बंद करून ऐकत होतो. पैसे देणाऱ्यांपैकी एकाने रेडवॉलपाशी विचारलंच, "हे ग्रे काय आहे?" मॅडम काही बोलायच्या आत प्राध्यापिकाबाईंनी कॅमेरा तिथेच थांबवायला लावला. वर डाग, खाली ढीग, दोन्ही एकाच चौकटीत होते. त्या म्हणाल्या, "इथे मुलांना थांबवा. हाच प्रश्न मुलांना विचारा. उत्तर द्यायला वरचा थर दाखवा." मग कोऑर्डिनेटर मॅडमनी शेअर केलेल्या स्क्रीनवर आमच्या भिंतीचा फोटो उघडला, पत्र्यासकट. बाई हसल्या आणि तोही धड्यात घ्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शीटमधली ती लाल ओळ हिरवी झाली होती. "बग" खोडून "प्रश्न क्र. ४" असं केलं होतं. खाली मार्केटिंगकडून नवी ओळ आली होती: पोस्टरसाठी एक चित्र हवं, कडा पूर्ण लाल, डाग नकोत. स्लायडर होताच. जोडीदाराने त्याचं बिल वेगळं लावलं, आणि जनरेटरचं डिझेलही त्यातच घातलं.