आजची खो-खो स्पर्धा

आमच्या भागातल्या तरुण मंडळाने आज १४ वर्षांखालच्या मुलींची खो-खो स्पर्धा भरवली होती. सकाळी सातलाच पोरं मैदानावर पाणी मारून फक्कीने रेषा आखत होती. ऊन चढेपर्यंत बघ्यांची ही गर्दी!

एक बारकीशी मुलगी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन्ही जोडीदार बाद झालेले, ही एकटी उरली. पाठलाग करणारीला एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, पळणारीला मात्र पाटीवर, म्हणजे मधल्या पट्ट्यात ओळीने बसलेल्या दोघींमधून कुठूनही आरपार जाता येतं. ती नेमकी तेवढ्यावर खेळत होती. खांबाजवळ हुलकावणी दिली, समोरचीने सूर मारला, हात वीतभर कमी पडला. गुडघा सोलला होता, लक्षही नव्हतं तिचं.

याच खेळाचे पहिले नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताने तो पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे! हे आज माइकवरून सांगितलं तेव्हा पोरींनी केवढ्या टाळ्या वाजवल्या.

एकच खंत. निम्मं मैदान आता गाड्यांनी भरलेलं असतं. संध्याकाळी सहा ते आठ तिथे गाडी लावू नका, असा विनंतीअर्ज मंडळाने फिरवलाय. मी सही केली. आसपास राहणाऱ्यांनो, तुम्हीही करा, उद्यापासून पोरींचा सराव सुरू होतोय.