‘तुमची नको हो ताई’

"मॅडम, बॅग दाखवा."

आज संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानात शिरताना सिक्युरिटीवाल्यानं माझ्या पुढच्या मुलीला अडवलं. ती मणिपूरची, इथं नाशिकला नर्सिंग शिकते, हे नंतर कळलं.

माझ्या खांद्यावर तिच्या दुप्पट मोठी पिशवी. मला मात्र "या ताई".

पण जीवाला लागलं ते वेगळंच. त्यानं तोंड उघडायच्या आधीच तिनं चेन ओढायला घेतली होती. पाण्याची बाटली, डबा, वही... एकेक वस्तू बाजूला सरकवून ती दाखवत होती. इतकी सवय!

मी माझी पिशवी त्याच्यापुढं धरली.

"तुमची नको हो ताई."

"का नको?"

तो गप्प. त्यालाही वरून कुणीतरी सांगितलं असणार.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथं कुणाला मज्जाव करायचा नाही. आणि हे तर १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाहिलेलं गाव.

बाहेर आल्यावर तिला म्हटलं, मालकाकडं तक्रार करू, मी येते सोबत.

"ताई, मग रोजच करावी लागेल."

मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाला असता?